रस्ता मंडळाचा ठराव आणि माझी एटीव्ही

एटीव्ही घ्यायची ठरली ती सौनामुळे, बर्फामुळे नव्हे. बर्फ आमच्या हौकिवारा गावात ऑक्टोबर ते एप्रिल पडतोच, आणि त्यासाठी कोणी नवीन काही विकत घेत नाही. घरात फावडं असतं, फावड्यामागे पाठ असते, आणि पाठ गेली की शेजारी असतो. माझी पाठ गेली तेव्हा शेजारी होता, पण आमचं बोलणं नव्हतं. ते पुढे सांगतो.

सप्टेंबरात माझ्या बायकोच्या, म्हणजे हेल्वीच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. तिला घरी आणायला आमची मुलगी मार्युत आली. मार्युत शहरातल्या कचेरीत लोकांना नियोजन शिकवते आणि सुट्टी मिळाली की आम्हाला शिकवते. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटकापर्यंतची वाट पाहिली. सत्तर मीटर आहे, मधे एक वळण आहे. मग ती म्हणाली, "बाबा, तू चौऱ्याहत्तर वर्षांचा आहेस."

"माहीत आहे," मी म्हणालो. "वाढदिवसाला तूच केक आणला होतास."

"दर मंगळवारी सकाळी नऊला नर्स गाडीनं येणार. तिची गाडी पायरीपर्यंत आली पाहिजे. नर्सची गाडी जिथे येते तिथे अँब्युलन्स येते. नर्सची अडली तर अँब्युलन्सही अडेल. एकदा जरी अडली ना, तर तुम्ही दोघं गावच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं. मी नाव घालून ठेवलंय. तिसरा मजला, लिफ्ट, खाली दुकान."

"आणि सौना?" हेल्वीनं विचारलं.

"आहे ना. तळघरात, सगळ्या इमारतीचा मिळून. तुमची पाळी गुरुवारी पाच ते सहा."

हेल्वीनं हातातली बशी खाली ठेवली. आमचा सौना, म्हणजे वाफेनं घाम काढायची लाकडी खोली, तळ्याकाठी आहे. लग्नाच्या वर्षी मी तो स्वतः बांधला, आणि शनिवारी त्यात किती वेळ बसायचं हे आम्ही कधी कोणाला विचारलं नाही. गुरुवारी पाच ते सहा! म्हणजे माणसानं घड्याळ बघून घामाघूम व्हायचं, आणि सहाला दोन मिनिटं कमी असताना दाराबाहेर चौथ्या मजल्यावरचा कोणीतरी टॉवेल खांद्यावर टाकून खाकरत उभा.

"गाडी अडणार नाही," मी म्हणालो.

"लिहून दे," मार्युत म्हणाली. मी लिहून दिलं. तो कागद तिनं आमच्याच फ्रिजवर लावला.

आता शेजाऱ्याचं. आमचा रस्ता सरकारी नाही. मोठ्या रस्त्यापासून तळ्यापर्यंतचा सव्वा किलोमीटर आम्हा चार घरांचा आहे, म्हणून त्याचं रीतसर रस्ता मंडळ आहे. सभासद चार आणि पदं सहा: अध्यक्ष, चिटणीस, दोन इतिवृत्त तपासनीस आणि दोन मतमोजणीस. त्यामुळे आमच्या सभेत कोणालाही नुसतं बसून राहता येत नाही. अध्यक्ष रौहा. ती माझ्या अलीकडच्या फाटकात एकटी राहते आणि मंडळाची वही बिस्किटांच्या डब्यात ठेवते. चिटणीस लिंडरोस, हेलसिंकीचे निवृत्त इंजिनिअर. ते इथे फक्त उन्हाळ्यात राहतात, पण नियम त्यांना बारा महिने पाठ असतात. उरलेली चारही पदं एन्सिओ आणि मी मिळून सांभाळतो. गेली अकरा वर्षं आम्ही दोघं मिळून चार हात मोजतो, आणि त्यातले दोन आमचेच असतात.

एन्सिओकडे ट्रॅक्टर आहे. मंडळाचा बर्फ तोच काढतो. रस्ता साफ करता करता तो प्रत्येकाच्या फाटकातून आत वळायचा, पायरीपर्यंत वाट मोकळी करायचा आणि काही न बोलता निघून जायचा. तीस वर्षं असं चाललं. मार्च महिन्यात रौहाच्या वाढदिवसाला, वेलदोड्याच्या पावाचा दुसरा तुकडा खाताना, माझ्या तोंडून निघून गेलं: "एन्सिओ, तुझ्या ट्रॅक्टरनं रस्त्याकडेला जो बांध होतो ना बर्फाचा, तो माझ्या फाटकाशी जरा उंच होतो."

एन्सिओनं उरलेली कॉफी प्यायली. कप बशीत ठेवला. टोपी घातली. रौहाला "छान झाला पाव" म्हणाला आणि गेला. त्यानंतर त्याचा ट्रॅक्टर माझ्या फाटकापर्यंत यायचा, थांबायचा आणि परत फिरायचा.

मलाही मान आहे. कोणी येत नसेल तर त्यानं आपण होऊन यायचं थांबवलं असं दिसू नये. आपणच त्याला मना केलं होतं असं दिसावं. म्हणून ऑक्टोबरच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला, की मंडळाच्या ट्रॅक्टरनं आर्वी कुइव्हालाइनेन यांच्या, म्हणजे माझ्या, खासगी वाटेत एक मीटरही शिरू नये.

"कोण शिरतंय?" रौहानं विचारलं.

"कोणी नाही. पण शिरू नये."

"बरं."

"आणि सल्लाही," मी म्हणालो. मला जोर चढला होता. "ट्रॅक्टर आणि सल्ला, दोन्ही."

सभेसाठी हेलसिंकीहून आलेल्या लिंडरोसनी पेन वर केलं. "सल्ला तोंडी की लेखी?"

"दोन्ही."

ठराव चार विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. एन्सिओनंही हात वर केला. तो मी मोजला, माझा त्यानं मोजला, आणि इतिवृत्तावर आम्ही दोघांनी शेजारी शेजारी सह्या केल्या.

घरी आल्यावर हेल्वी म्हणाली, "म्हणजे आता वाट कोण साफ करणार?"

तेव्हा मला एटीव्हीची आठवण झाली.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हँडल मोटारसायकलचं, चाकं लहान ट्रॅक्टरची आणि स्वभाव बोकडाचा. पुढे लोखंडी पातं बसवलं की ती बर्फ लोटते, निदान कॅटलॉगमधल्या चित्रात तरी लोटते. त्या चित्रातल्या माणसाला मफलर नव्हता, यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं.

तीन गाड्या माझ्या नजरेत होत्या: लाल, हिरवी आणि काळी. एकदा माणूस काही घेणार हे कळलं की गावाला कंठ फुटतो. रौहा मुद्दाम कॉफीला आली.

"लाल घे. बर्फात सापडते."

"गाडी कशाला हरवेल?"

"गाडी नाही रे, तू."

लिंडरोसनी हेलसिंकीहून सतरा रकान्यांचा तक्ता पाठवला. त्यात वजन, वळण, हँडलची ऊब, पुन्हा विकली तर काय येईल, सगळं होतं. त्यात हिरवी पहिली आली. दोन दिवसांनी फोन आला, "अकराव्या रकान्याला मी चुकून जास्त गुण दिले. काळी पहिली आहे. हिरवी विसरा." लिंडरोसनी जन्मात बर्फ लोटलेला नाही; त्यांच्या इमारतीत ते काम एक कंपनी करते. पण तक्ता फार सुंदर होता.

एन्सिओ सल्ला देणं शक्यच नव्हतं, ठरावच तसा होता. पण एका शुक्रवारी दुकानातल्या कॉफीच्या टेबलांपैकी माझ्यासमोरचीच जागा मोकळी होती, आणि एन्सिओला खुब्याचं दुखणं हेल्वीपेक्षा जुनं. तो बसला. माझ्यापुढे कॅटलॉग उघडा होता, पान लाल गाडीचं. एन्सिओनं ते पान पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग श्वास आत ओढून हलकेच "यो" म्हणाला, उठला आणि गेला.

हे आत ओढलेलं "यो" आमच्या भागातलं सगळ्यात वापरातलं उत्तर आहे. त्याचा अर्थ "हो" असतो. "खरंय", "बिचारा", "चला निघतो", "मी आधीच सांगितलं असतं" हे अर्थही असतात. मी पळत घरी आलो.

"हेल्वी, एन्सिओ लाल गाडीला यो म्हणाला."

"श्वास आत घेऊन की सोडून?"

"आत."

"मग लाल चांगली असेल."

"किंवा मी फसावं असं त्याला वाटत असेल."

"आर्वी, एन्सिओनं आजवर कोणाला फसवलंय? त्याला तेवढं बोलताच येत नाही."

पण मी तीन आठवडे त्या "यो"चा अभ्यास केला. शेवटी ठरवलं, कुइव्हालाइनेनच्या वाटेवर एन्सिओची आवड चालू द्यायची नाही. मी काळी घेतली. विक्रेता म्हणाला, "उत्तम निवड. हलकी आहे, चपळ आहे." हलकी आणि चपळ! बर्फ लोटायला माणूस हलकं आणि चपळ यंत्र घेतो तेव्हा विक्रेत्यानं त्याचा हात धरायला नको का? पण त्यांना तसं शिकवत नाहीत.

मग नोंदणी. मी वाहन खात्याला फोन केला. "तुमचा क्रमांक एकेचाळीस," असं एक बाई वाजंत्रीच्या मधूनमधून सांगत होत्या. हेल्वीनं तेवढ्यात मटार सोलून संपवले. शेवटी एक तरुण आवाज आला.

"गाडीनं काय करणार?"

"बर्फ लोटणार."

"स्वतःच्या जागेत?"

"हो. पण वळवायला फाटकाबाहेर चार मीटर जावं लागतं."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज. "फाटकाच्या आत ती मैदानी गाडी. फाटकाच्या बाहेर ती ट्रॅक्टर हवी."

"एकच गाडी आहे."

"मग तिची ट्रॅक्टर म्हणून नोंद करा. मागे हळू चालणाऱ्या वाहनाचा त्रिकोण, बाजूला दिवे, आणि तपासणी केंद्रात घेऊन या."

ट्रॅक्टर म्हणून नोंद नसताना तिला तपासणी केंद्रात चालवत नेता येत नव्हतं, आणि तिथे नेल्याशिवाय ती ट्रॅक्टर होणार नव्हती. शेवटी ती मी भाड्याच्या ट्रॉलीवर घालून नेली. तिथल्या माणसानं एकदा पुढून पाहिलं, एकदा मागून पाहिलं, शिक्का मारला आणि म्हणाला, "अभिनंदन, ट्रॅक्टर झाली." घरी परतलो तर हेल्वी दारात कुबडीवर उभी. "आला का गं माझा ट्रॅक्टरवाला?" ती मांजरीला म्हणाली.

पहिला मोठा बर्फ नोव्हेंबरात पडला. मी मफलर बांधून बसलो, हँडलची ऊब सुरू केली, पातं खाली केलं आणि गाडी दामटली. पातं बर्फाला टेकलं. बर्फ जागचा हलला नाही. मागची चाकं मात्र फिरली, आणि मी इतक्या जागच्या जागी गेलो की हेल्वीला खिडकीतून वाटलं मी फोटोसाठी थांबलोय.

वजन कमी पडत होतं. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "मागच्या पेटीत काहीतरी जड ठेवा. लोक वाळूची पोती ठेवतात." नोव्हेंबरात वाळू जमिनीला धरून बसलेली असते, कुदळीनंही सुटत नाही. मी घराभोवती काहीतरी जड शोधत फिरलो आणि सौनात शिरलो. तिथे शेगडीवर, तापवून वाफेसाठी पाणी मारायचे, चांगले गोल, काळे, जड दगड होते. साठ किलो तरी असतील. मी मनाशी म्हटलं, सौनासाठीच तर सगळं चाललंय. सौनानंही थोडा हातभार लावावा.

दगड घातल्यावर गाडी चालली, आणि खरोखर बर्फ लोटू लागली. मी आनंदात सलग तीन फेऱ्या मारल्या. शनिवारी हेल्वी काठी टेकत सौनात गेली, सवयीनं डोळे मिटून तांब्याभर पाणी शेगडीवर फेकलं, आणि वाफेऐवजी लोखंडावर फस्स करून सगळं पाणी तिच्याच पायावर आलं.

"आर्वी! दगड कुठेत?"

"ट्रॅक्टरमध्ये."

ती पाय पुसत म्हणाली, "गुरुवारी पाच ते सहाच्या सौनात निदान दगड असतील." हे वाक्य मला लागलं. तेव्हापासून दर शनिवारी मी दगड सौनात वाहून न्यायचो आणि रविवारी गाडीत परत ठेवायचो. माझी पाठ वाचवायला घेतलेल्या यंत्रासाठी मी पाठीवर आठवड्याला एकशे वीस किलो दगड वाहत होतो. पण मंगळवारी नऊ वाजता नर्स तूयाची छोटी पांढरी गाडी पायरीशी यायची. तूया फोनवर काहीतरी टिचकी मारायची, आणि मी खिडकीतून फ्रिजवरच्या कागदाकडे बघायचो.

डिसेंबरभर बर्फ पडला. मी दर वेळी तो वाटेच्या दोन्ही बाजूंना लोटायचो. एन्सिओचा ट्रॅक्टर फाटकाशी आला की थोडा वेळ थांबायचा. काचेमागून एन्सिओ माझ्या भिंतींकडे बघायचा, बर्फाच्या, आणि जायचा. मला वाटायचं, जळतोय.

तो जळत नव्हता. माझ्या लक्षात यायला जानेवारी उजाडला. वाटेच्या कडेला लोटलेला बर्फ तिथेच गोठून दगड झाला होता. पुढचा बर्फ त्याच्या पायथ्याशी, त्यापुढचा त्याच्याही पायथ्याशी. दोन्ही भिंती आठवड्याला चार चार बोटं आत सरकत होत्या. पहिल्या बर्फालाच भिंती पार लांब, कुंपणापर्यंत लोटायच्या असतात, म्हणजे पुढच्या बर्फाला जागा राहते. हे आमच्या भागात पाळण्यातल्या पोरांना माहीत असतं. मला नव्हतं, कारण तीस वर्षं माझी वाट एन्सिओ साफ करत होता.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी रात्रभर आणि सोमवारी दिवसभर बर्फ पडला. मंगळवारी सकाळी सातला मी गाडीवर बसलो. दाराकडून फाटकाकडे निघालो, बर्फ पुढे लोटत. वळणावर भिंती सगळ्यात जवळ आल्या होत्या. पातं डावीकडे घासलं, मग उजवीकडे घासलं, मग दोन्हीकडे घासलं, आणि गाडी बसली. बाटलीत बूच बसतं तशी. पुढे ढकललेला बर्फ पुढे, भिंती बाजूंना, मागे साठ किलो दगड. मी उतरलो तोही सीटवरून मागे सरकत, कारण बाजूला पाय ठेवायलाही जागा नव्हती.

फावड्यानं मी दीड तास खणलं. नऊ वाजता पांढरी गाडी फाटकापाशी आली.

"आजोबा," तूया काच खाली करून म्हणाली, "मी चालत येते हो."

"चालत नको! गाडी आत आली पाहिजे."

तिला सगळं माहीत होतं. फोन तिनं मला दाखवला. त्यावर लिहिलं होतं: गाडी दारापर्यंत पोहोचली का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. "हे सरळ तुमच्या मुलीला जातं," ती म्हणाली. "मी खोटं भरणार नाही. दहाला मला पुढच्या घरी पोहोचायचंय, म्हणजे फार तर पावणेदहापर्यंत थांबते."

तेवढ्यात मोठ्या रस्त्याकडून ट्रॅक्टर आला. फाटकाशी थांबला. एन्सिओनं काचेतून गाडी पाहिली, बूच पाहिलं, मला पाहिलं. इंजिन सुरूच होतं. पण तो हलला नाही.

मी ट्रॅक्टरच्या पायरीशी गेलो. दहा महिन्यांत मी त्याच्याशी बोललो नव्हतो. "एन्सिओ, आत येशील का?"

त्यानं दार उघडलं. "ठराव आहे."

"ठराव माझाच आहे रे!"

"मंडळाचा आहे."

कोणाला हा अडवणूक करतोय असं वाटेल. नाही. आमच्याकडे वहीत लिहिलेलं कोणी एकटा मोडत नाही. ते मोडायला सभा लागते, आणि सभेला चौदा दिवसांची लेखी सूचना लागते. मी फावडं बर्फात रोवलं आणि हाक मारली, "रौहा!"

रौहा शेजारच्या फाटकातून डबा घेऊनच आली. ती खिडकीतून सगळं बघत होती. "सगळे सभासद हजर असतील आणि कोणाची हरकत नसेल, तर सूचनेशिवाय सभा भरते," ती म्हणाली. "पण लिंडरोस?"

लिंडरोस कॅनरी बेटांवर समुद्रकाठी होते. तूयानं फोन लावून तो मोठ्या आवाजावर टाकला. मागे लाटा आणि मुलांचा दंगा ऐकू येत होता.

"सभा? आत्ता? मी चड्डीवर आहे."

"दिसत नाही," रौहा म्हणाली. "हजर आहात का?"

"हजर आहे. पण मी इथून इतिवृत्त कसं लिहू? चिटणीस सभासदच असला पाहिजे असं नाही. बाहेरचा चालतो."

अशी नगरपालिकेची नर्स तूया आमच्या रस्ता मंडळाची चिटणीस झाली. पेनातली शाई गोठली होती, म्हणून रौहानं पेन्सिल दिली. नऊ वाजून सतरा मिनिटांनी, उणे एकोणीस तापमानात, माझ्या फाटकासमोर सभा सुरू झाली. विषयपत्रिका मंजूर केल्याशिवाय पुढे जाता येत नाही असं लिंडरोस म्हणाले, म्हणून आम्ही ती मंजूर केली. मग मतमोजणीस निवडले, एन्सिओ आणि मी. तपासनीस निवडले, एन्सिओ आणि मी.

"विषय पहिला," रौहा म्हणाली. "ऑक्टोबरचा ठराव मागे घेणे. मांडतो कोण?"

"मी," मी म्हणालो. माझा आवाज मफलरमध्ये राहिला, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं.

"कोणाचं काही म्हणणं?"

सगळे एन्सिओकडे बघू लागले. एन्सिओ ट्रॅक्टरवरून हळूहळू खाली उतरला, आधी चांगला पाय, मग खुबा धरून दुसरा. मग म्हणाला, "त्याआधी एक विषय."

"कोणता?"

"बांध. मोजा."

नऊ बावीस झाले होते. तूयानं घड्याळाकडे पाहिलं आणि निमूटपणे लिहिलं: बांध. रस्त्याच्या कडेला खुणेसाठी रोवलेली, सेंटिमीटरचे आकडे रंगवलेली एक काठी एन्सिओनं उपटली आणि माझ्या हातात दिली. मतमोजणीस म्हणून आम्ही दोघं रौहाच्या फाटकाशी गेलो. बांध एक्केचाळीस सेंटिमीटर. परत माझ्या फाटकाशी आलो. मी काठी रोवली, एन्सिओनं वाकून वाचलं. वाकायला त्याला बराच वेळ लागला, आणि मी पहिल्यांदाच नीट पाहिलं की त्याला किती त्रास होतो.

"पंचेचाळीस," तो म्हणाला.

म्हणजे माझं खरं होतं! दहा महिने मी बरोबर होतो! माझी छाती मफलरसकट फुगली. मी तोंड उघडलं.

"म्हणजे उंच आहे," एन्सिओ म्हणाला.

"आहे."

"तुझं फाटक टोकाचं आहे. पात्यात जे उरतं ते शेवटी कुठेतरी पडणार."

मी तोंड मिटलं. लग्नापासून मी त्या फाटकाशी राहतोय, आणि रस्ता माझ्याशी संपतो हे मला कोणी सांगायला हवं होतं.

"शेवटाला वळायला जागा नाही," तो पुढे म्हणाला, आणि हे त्याचं त्या वर्षातलं सगळ्यात मोठं भाषण होतं. "म्हणून मी आत वळायचो. तुझ्या वाटेत. तेव्हा तो बांधही मी काढायचो."

फोनमधून लिंडरोस म्हणाले, "यावर ठराव हवा. शब्द सांगा."

रौहानं शब्द सांगितले, तूयानं लिहिले: "कुइव्हालाइनेन यांच्या फाटकाशी बांध चार सेंटिमीटर उंच आहे. यात कोणाचाही दोष नाही." चार विरुद्ध शून्य. लिंडरोसचा हात दिसत नव्हता, पण आम्ही तो विश्वासानं मोजला. मग ट्रॅक्टरचा ठराव मागे घेतला. चार विरुद्ध शून्य.

"आणि सल्ल्याचं?" तूयानं विचारलं. "इथे ट्रॅक्टर आणि सल्ला, दोन्ही लिहिलंय."

"सल्लाही," मी म्हणालो.

"मंजूर?" रौहानं विचारलं. मंजूर. एन्सिओनं ताबडतोब माझ्याकडे वळून सल्ला दिला, जो तो बहुतेक नोव्हेंबरपासून तोंडात धरून होता. "भिंती लांब लोटायच्या."

"आता सांगतोस?"

"ठराव होता."

सह्या झाल्या. नऊ तेहेतीस. एन्सिओनं साखळी एटीव्हीच्या पात्याला अडकवली, ट्रॅक्टर मागे घेतला, आणि बूच निघालं. खरंच टप्प असा आवाज झाला. मग तो आत शिरला. पहिल्या फेरीत वाट मोकळी केली, दुसरीत भिंती दोन्ही बाजूंना कुंपणापर्यंत रेटल्या, मी दोन महिन्यांत रचलेलं सगळं त्यानं सहा मिनिटांत पार तिकडे नेलं. नऊ त्रेचाळीसला पांढरी गाडी पायरीशी उभी होती. तूयानं सगळ्यांसमोर "हो"वर टिचकी मारली. मग आत येऊन आधी माझाच रक्तदाब घेतला, आकडा पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, पुढच्या सभेला तुम्ही बसून भाग घ्या."

एन्सिओ दारात टोपी हातात धरून उभा होता. हेल्वीनं कॉफी ओतली. एन्सिओ बसला, म्हणजे सगळं ठीक होतं. दुसऱ्या कपानंतर मी विचारलं, "एन्सिओ, त्या दिवशी दुकानात तू यो म्हणालास. लाल गाडीला."

"म्हणालो."

"म्हणजे काय?"

"जड आहे. चांगली आहे. मला आवडली." त्यानं कप फिरवला. "मला ट्रॅक्टरवर चढायला होत नाही आता. वाटलं, तू घेतलीस तर कधी बसायला मिळेल."

हेल्वीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाव कापायला उठलो. तसाच कापायचा थांबून मी एटीव्हीची किल्ली टेबलावर ठेवली. तो काळ्या गाडीवर चाळीस मिनिटं आमच्या अंगणात गोल गोल फिरला. खिडकीतून त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण हँडलची ऊब त्यानं पूर्ण चालू ठेवली होती. जाताना म्हणाला, "हलकी आहे." मग पेटीचं झाकण उघडून म्हणाला, "दगड सौनाचे आहेत."

"शनिवारी परत ठेवतो," मी म्हणालो. "शनिवारी ये."

"किती वाजता?"

"वेळ नाही ठरवलेली."

रात्री मार्युतचा फोन आला. "बाबा, गाडी पोहोचली असं दिसतंय."

"पोहोचली."

"त्या काळ्या यंत्रानं?"

"सभेनं," मी म्हणालो. तिला वाटलं मी थकलोय. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तिनं एप्रिलपर्यंत कायम ठेवला होता, नंतर सोडून दिला. गुरुवारची पाळी चौथ्या मजल्यावरच्या कोणाला तरी मिळाली असेल.

पुढच्या आठवड्यात पुन्हा बर्फ पडला. ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा मी फाटकाशी काठी घेऊन उभा होतो. सवय. मोजलं, शेहेचाळीस. एन्सिओ वर बसून बघत होता. मी काठी पाठीमागे घेतली.

"कॉफी?" मी म्हणालो.

एन्सिओनं श्वास आत ओढला. "यो."

आणि तो आत वळला.